लहान मुलं, चारचाकी आणि खाड्यांची वाट : मुंबई ते गुहागर फेरीबोटीने

गेल्या गणपतीपासून आम्ही गुहागरला महामार्गाने जाणं सोडलं. मुलगी पाच वर्षांची, तिला गाडी लागते. मुलगा दोन वर्षांचा, तो सीटवर बांधून राहत नाही. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (म्हणजे गाड्याही चढतात अशा मोठ्या फेरीबोटीने) मांडवा, पुढे मुरूड, आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी आणि शेवटी दाभोळ–धोपावे अशी वाट धरली. वेळ जास्त लागतो. एका दिवसात उरकायला जाऊच नका. आम्ही हरिहरेश्वरला किंवा आंजर्ल्याला मुक्काम टाकतो. तरीही पोरं बरोबर असतील तर मी हीच वाट सांगेन. दर दोन-अडीच तासांनी धक्का येतो, गाडी थांबते आणि मुलांचे पाय मोकळे होतात. रडारड निम्म्याने कमी झाली आहे.

मांडव्याची रो-रो २०२० साली सुरू झाली. प्रवास साधारण तासाभराचा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात तेव्हाही ही चालते, हवा फारच बिघडली तरच फेरी रद्द होते. त्या दिवसांत बोट चांगलीच डोलते. मुलीला बोट लागू नये म्हणून आम्ही बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूला बसतो. हातात मोबाइल नाही, नजर बाहेर क्षितिजाकडे, तोंडात आलेपाकाची वडी. निघण्याआधी पोट भरून खायला घालत नाही, पण उपाशीही ठेवत नाही. औषध द्यायचंच असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्या.

गाडी खाली लावून वर जाताना एक छोटी पिशवी हातात हवीच : पाणी, सुके कपडे, ओल्या पुसण्या, उलटीसाठी दोन-चार पिशव्या. माझी नणंद स्टॉकहोमहून हेलसिंकीला रात्रीच्या बोटीने मुलांना घेऊन गेली होती. तिकडे बोट सुटली की गाड्यांचा मजला बंदच करतात, मग सकाळपर्यंत डिकीतलं काहीही हाती लागत नाही. तिची यादी मी जशीच्या तशी उचलली, फक्त त्यात टोप्या वाढवल्या.

खाडीच्या फेऱ्या पाव तासाच्या, पण मुलांना खरी गंमत तिथेच. दिघीच्या फेरीतून जंजिरा दिसतो, दाभोळला धक्क्याजवळच जुनी मशीद आहे. रॅम्पच्या साखळ्या खडखडत सैल होतात, लोखंडी पत्रा धक्क्यावर टेकतो आणि एकेक गाडी मागे मागे घेत आत चढते. नेमकं त्याच वेळी मूल हातात घट्ट हवं. पत्रा ओला असतो, कडेला शेवाळ असतं आणि दुचाक्या गाड्यांच्या फटीतून घुसतात. आमच्याकडे नवरा गाडी चढवतो, मी दोघांना घेऊन पायी जाते. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो. गाडी खाली बसकी असेल तर चढवण्याआधी खलाशाला विचारा, ते नीट सांगतात.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. एका फेरीत ती छताला दोरीने घट्ट बांधलेली होती आणि सगळी मोठ्या माणसांच्या मापाची. लहान मुलाच्या अंगातून असं जॅकेट पाण्यात सरळ वर निघून येतं. आम्ही मुलांच्या वजनाप्रमाणे घेतली, दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेली. मुलगी आता धक्का दिसला की स्वतःच मागते. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले असतील तर घरी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवते; इतक्या महिन्यांनंतरही बकला सुरळीत लागतात. मुलांच्या मापाची जॅकेटं प्रत्येक फेरीत हाताशी असायलाच हवीत. एका धक्क्यावर स्वच्छतागृहात पाणी नव्हतं आणि रांगेत सावलीही नाही. बाळाला घेऊन उन्हात उभं राहणं फार अवघड जातं, म्हणून आम्ही सकाळची फेरी पकडतो.

आजेसासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि कडेवरच्या पोरांसकट पडावातून, म्हणजे होडीतून, किनाऱ्याला यावं लागे. त्यांना आताची फेरी म्हणजे चैन वाटते.

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस–रेड्डी सागरी मार्गावरचे खाडीपूल झाले की ही वाट बदलेल. तोवर दाभोळच्या शेवटच्या फेरीची वेळ वाटेतलं केळशी गाव सोडण्याआधी फोन करून विचारून घ्या. ती चुकली की खेड-चिपळूणमार्गे सगळा वळसा, तोही अंधारात.