कोड लिहायचा की मॅन्युअल? कबड्डीच्या मैदानावरून दोन कामांची तुलना

कॉम्प्युटरची पदवी घेऊन नांदेड, लातूर, परभणीहून पुण्याची गाडी धरणाऱ्या बहुतेक पोरांना डेव्हलपरच व्हायचं असतं. टेक्निकल रायटर (सॉफ्टवेअर किंवा यंत्र कसं वापरायचं ते लिहून समजावणारा) नावाची नोकरी असते हे तिथं गेल्यावर कळतं, आणि तेही ‘ज्याला कोडिंग झेपत नाही त्याचं काम’ म्हणून. मी कोड लिहून पोट भरतो, पण हे मला अजिबात पटत नाही.

फरक कुठं आहे ते क्रिकेटच्या दोन सामन्यांत बघा. दोन्हींत पाऊस, दोन्हींत दक्षिण आफ्रिका. 22 मार्च 1992, सिडनी, वर्ल्ड कपची सेमीफायनल. इंग्लंडविरुद्ध 13 चेंडूंत 22 धावा हव्या होत्या. पावसानं दोन षटकं खाल्ली आणि लक्ष्य एकाच धावेनं उतरलं: एका चेंडूत 21. कारण तेव्हाचा नियमच तसा होता. आधी खेळलेल्या संघाची सगळ्यात कमी धावांची षटकं वगळायची. नियम कळायला सोपा, पाळलाही नीट गेला. मुळात गणित गंडलेलं.

3 मार्च 2003, डरबन, श्रीलंकेविरुद्ध. आता गणित डकवर्थ-लुईसचं, बिनचूक. 45 षटकांअखेर 229 हा आकडा बरोबरीचा होता, जिंकायला 230 लागत होत्या. मार्क बाउचरनं षटकार ठोकून 229 गाठले आणि काम झालं असं समजून षटकाचा शेवटचा चेंडू नुसता अडवला. पाऊस आला, सामना टाय झाला, यजमान स्पर्धेबाहेर. आकडा बरोबर होता, पण तो ज्याला वापरायचा होता त्याच्यापर्यंत भलत्याच अर्थानं पोचला.

सिडनीची चूक शोधायला ज्याला मजा येईल त्यानं प्रोग्रामिंग धरावं. डरबनचा सामना वाचून ज्याचा जीव जास्त तळमळेल, तो रायटर.

आता आपल्याकडची कबड्डी घ्या. समजा तुम्ही गावच्या स्पर्धेसाठी गुण मोजायचं ॲप करताय. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. तीन किंवा त्याहून कमी उरले असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, एक गुण जादा. म्हणजे एकाच चढाईत बोनस आणि अव्वल पकड येणं शक्यच नाही. कोडमधली एक अख्खी फांदी तिथंच छाटता येते. शिवाय बोनसच्या गुणावर बाद गडी आत येत नाही, म्हणून गुण आणि आत येणारे गडी यांचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. हे डोक्यात चमकलं की प्रोग्रामरला जेवण गोड लागतं. एक टेस्ट चालवली की लगेच हिरवं किंवा लाल. चूक तोंडावर कळते, हे या कामातलं मोठं सुख.

रायटरला ते सुख नाही. त्याचा वाचक टेबलाशी मोबाइल घेऊन बसलेला, पुढची चढाई सुरू झालेली, मागून कुणीतरी ओरडतंय, “ओ सर, बोनस घेतला आन् पकडला बी, मग पॉइंट कुणाला?” त्याला नियमावली नको, दोन ओळी हव्यात: ‘बोनस घेऊन चढाईपटू पकडला गेला, तर दोन्ही संघांना एकेक गुण द्या. पकड करणाऱ्या संघाचा एक बाद गडी आत घ्या.’ एवढ्या दोन ओळींसाठी सगळा नियम समजून घ्यावा लागतो, आणि त्या चुकल्या तर तुम्हाला सांगायला सहसा कुणी येत नाही.

पैसा आणि जागा या दोन्हींत प्रोग्रामिंग पुढं, यात वाद नको. एका टीममध्ये डेव्हलपर ढीगभर, रायटर एखादाच. घरी कर्जाचे हप्ते चालू असतील तर आधी तिकडंच जा.

इंग्रजीची भीती मात्र उगाच वाढवलेली आहे. मराठी माध्यमातली पोरं तिच्यापायीच रायटिंगकडं फिरकत नाहीत. विमान उद्योगातून आलेलं ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ हे मानक बघा: ठरावीक शब्द, आणि कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं. फर्डं इंग्रजी तिथं उलट नडतं. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत. जॉन ग्रुबरनं 2004 मध्ये आणलेलं मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून मथळे-याद्या मांडायची पद्धत, एका दुपारी येतं. गिट, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, दोन्हीकडं लागतंच. आणि हे काम फक्त सॉफ्टवेअरचं नाही; वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या यंत्रांनाही मॅन्युअल लागतात, आणि ती कशी असतात हे तिथल्या ऑपरेटरला विचारा.

एआय दोघांच्याही मुळावर आलंय, असं रोज ऐकू येतं. कच्चा मसुदा आणि कच्चा कोड ते झटक्यात देतं. बोनसवर गडी आत घेतला, ही चूक पकडायला कबड्डी कळणारा माणूस अजून लागतो, म्हणून या मुद्द्यावर मी कुणालाच झुकतं माप देत नाही.

अजूनही ठरत नसेल तर हेच ॲप करून बघा. एका शनिवारी पायथनमध्ये गुणांचा हिशोब लिहा, रविवारी त्याचं एका पानाचं माहितीपत्रक. ते पान कबड्डी पाहणाऱ्या पण कॉम्प्युटरला हात न लावलेल्या काकांना द्या आणि शेजारी गप्प बसा. ते अडले की तुमचा हात कोड बदलायला शिवशिवतो की वाक्य बदलायला, त्यावर अर्ज कुठं करायचा ते ठरवा.