नावेच्या बोल्टला सिलिकॉन की ब्युटाईल टेप?

नाथसागरात मासेमारी करणाऱ्या भाच्यानं फायबरच्या नावेवर दोर बांधायची कडी बसवायला घेतली अन् विचारलं, "मामा, पाणी शिरू नये म्हणून छिद्रात सिलिकॉन भरू का ब्युटाईल टेप लावू?" ब्युटाईल टेप म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी.

सिलिकॉनची नळी पैठणात हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते, स्वस्तही पडते. पण उद्या कडी काढली की त्याचा बुळबुळीत थर फायबरवर राहतो. त्यावर ना रंग धरतो ना नवं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप. टेप शोधावी लागते, पैसेही जास्त. मात्र ती वाळून कडक होत नाही, दोराला हिसका बसला तरी तुटत नाही. छिद्राचं तोंड किंचित खोलगट करायचं, टेपची वात करून बोल्टच्या मानेभोवती गुंडाळायची, बोल्ट स्थिर धरून फक्त नट फिरवायचा. दोन दिवसांनी परत आवळायचा. मे महिन्यात टेप बोटांनाच चिकटते, सकाळीच उरका. पेट्रोल सांडतं तिथं ती नको, विरघळते.

फायबरच्या आत प्लायवूड असेल तर आधी छिद्र मोठं करून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) भरा, वाळल्यावर त्यात बोल्टचं छिद्र पुन्हा पाडा. नाहीतर लाकूड आतून कुजतं, वरून पत्ताही लागत नाही.

कडी, खुंटी, पुढेमागे काढायची वस्तू असेल तर टेप. परत हात लावायचाच नाही, रंगही द्यायचा नाही, तर सिलिकॉन चालेल. पाण्याखालच्या छिद्राला दोन्ही नकोत. तिथं नावेसाठीचं पॉलियुरेथेन सीलंटच.