पहिला पंप मार्कर: एक हिवाळा, एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा

मागच्या डिसेंबरात मी माझा पहिला पंप-अॅक्शन पेंटबॉल मार्कर घेतला, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून एकमेकांना बाद करायच्या खेळातली बंदूक. आता सप्टेंबर संपत आलाय. या दहा महिन्यांत इंदूरजवळ सिमरोलकडच्या एका मैदानावर पंचवीसेक रविवार झाले आणि वहीतल्या नोंदीप्रमाणे तीन हजारांहून थोड्या जास्त गोळ्या उडाल्या. पंप घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठला, हे राजेंद्रनगरातल्या ओळखीच्या मुलांपासून पुण्याच्या मावसबहिणीपर्यंत बरेच जण विचारतात. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतेय.

माझ्या मार्करच्या मॉडेलचं नाव देत नाही. माझं मत आता असं झालंय की पहिला पंप घेताना नाव सगळ्यात शेवटी पाहावं. आधी नळी पाहावी, मग गॅस, मग सुटे भाग कुठून येणार ते.

कागदपत्रांचं आधी सांगते. पैसे माझे असले तरी मार्कर मैदानाच्या नावावर आहे आणि तिथल्याच कुलुपबंद कपाटात राहतो. आयातीचे कागद विक्रेत्याने केले, पण पैसे भरण्याआधी आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारून आलो. तुम्हीही आपापल्या जिल्ह्यात तेच करा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

नव्या माणसासाठी थोडक्यात: भाड्याच्या सेमी-ऑटो मार्करमध्ये जितक्यांदा ट्रिगर दाबाल तितक्या गोळ्या सुटतात. पंपात प्रत्येक गोळीसाठी पुढची मूठ मागे ओढून परत पुढे ढकलावी लागते. मागे ओढली की बोल्ट, म्हणजे गोळीला नळीत ढकलणारा दट्ट्या, सरकतो आणि हॉपरमधून, म्हणजे वरच्या गोळ्यांच्या डब्यातून, एक गोळी खाली पडते, पुढे ढकलली की ती नळीत जाऊन बसते. मग ट्रिगर. आतला हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि तेवढ्या गॅसवर गोळी जाते.

मी आधी दोन वर्षं भाड्याच्याच मार्करने खेळत होते. पाचशे गोळ्यांची पिशवी जेवणाआधी संपायची आणि त्यातल्या किती कुणाला लागल्या हे सांगता यायचं नाही. मग एका रविवारी आतेभावाने त्याचा जुना पंप माझ्या हातात दिला आणि पन्नास गोळ्या मोजून दिल्या. "ताई, आज एवढ्याच," म्हणाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा मैदान पाहिलं. कुठल्या पळसामागे कोण बसलंय, मधे किती पावलं आहेत, आपण उठलो तर कुणाच्या नजरेत येऊ. संध्याकाळी बारा गोळ्या शिल्लक होत्या आणि मी चार जणांना बाद केलं होतं.

हा खेळ सुरू झाला तोही असाच. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात हेनिकर गावी बारा जण जंगलात खेळले. हातात नेलस्पॉट ००७ मार्कर, जे मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला बनवलेले. दर गोळीला हाताने बोल्ट ओढायचा. जिंकलेल्या माणसाने शेवटपर्यंत एकही गोळी झाडली नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

पण म्हणून पंपाचा नेम जास्त अचूक असतो, असं कुणी सांगितलं तर पैसे काढू नका. तीच गोळी, तीच नळी, तोच वेग असेल तर पंप आणि सेमी-ऑटो सारखेच मारतात. फरक पडतो तो आपण एका गोळीसाठी थांबतो म्हणून.

पंप मार्करची मुख्य दोन घराणी. एक नेल्सन: बोल्ट, स्प्रिंग, हॅमर आणि व्हॉल्व्ह एकाच नळकांड्यात एका रेषेत. फँटम हा त्यातला नावाजलेला. दुसरं शेरिडन: एकावर एक दोन नळकांडी, वर बोल्ट, खाली हॅमर आणि व्हॉल्व्ह. मार्कर बनवणाऱ्या बड ऑर यांचा स्नायपर या घराण्यातला. त्याच पंपाला पुढे वायूवर चालणारी यंत्रणा जोडून त्यांनी ऑटोकॉकर हा सेमी-ऑटो केला. मी नेल्सन घेतला, कारण आत भाग कमी. मैदानावरच्या ओट्यावर जुनी चादर पसरून मी तो वीस मिनिटांत पूर्ण उघडून परत जोडते. आतेभावाचा दुसऱ्या घराण्यातला आहे. त्याचा स्ट्रोक, म्हणजे मुठीची मागे-पुढे हालचाल, लोण्यासारखा, पण हॅमर आणि बोल्टची वेळ जुळवायला तो अर्धी रविवारची सकाळ घालवतो. ज्याला यंत्रात रमायला आवडतं त्याने तो घ्यावा. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी नेल्सनच सांगेन, आणि तोही वर हॉपर लावता येईल असा. दहा गोळ्यांच्या आडव्या नळीचे स्टॉक क्लास मार्कर दिसायला सुंदर असतात, पण त्यात प्रत्येक वेळी मार्कर कलवून गोळी पुढे घरंगळवावी लागते. ती सवय नंतर लावून घेता येते.

आता गॅस. मी सुरुवात १२ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइड काडतुसांवर केली. एका काडतुसात वीस-पंचवीस गोळ्या, खिशात चार काडतुसं, झालं. जानेवारीत सकाळी सात वाजता गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर उभी राहिले तर वेग सेकंदाला २४० फूट. मैदानाची मर्यादा २८०. मागचा स्क्रू अॅलन चावीने फिरवून २७० वर आणला आणि खूश होऊन खेळले. एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी तोच मार्कर, तोच स्क्रू, आणि आकडा ३१०. पंचाने तिथेच थांबवलं, आणि बरोबरच थांबवलं. २८० फूट म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. तीन ग्रॅमची गोळी त्याहून जोरात अंगावर बसली की वळ आठवडाभर जात नाही.

कारण साधं आहे. काडतुसात कार्बन डायऑक्साइड द्रव असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. १० अंशांना साधारण ६५० पीएसआय (दाबाचं एकक), २१ अंशांना ८५०. ३१ अंशांच्या वर तर द्रव असा उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे इंदूरला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे मार्च ते जून हा वायू वापरणारा माणूस सकाळी एक मार्कर घेऊन येतो आणि दुपारी दुसराच घेऊन खेळतो. शिवाय बंद गाडीत काडतुसं ठेवायची नाहीत. माझ्या खोक्यावर ४९ अंशांची मर्यादा छापलेली आहे आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीला तिथवर जायला वेळ लागत नाही.

एप्रिलमध्येच मी १३ घन इंचाची, ३००० पीएसआयची दाबाच्या हवेची छोटी बाटली घेतली. तिच्या तोंडाशी रेग्युलेटर असतो, त्यामुळे बाहेर येणारा दाब जवळपास तोच राहतो. तेव्हापासून सकाळच्या आणि दुपारच्या आकड्यांत पाच-सात फुटांपेक्षा जास्त फरक दिसलेला नाही. एका भरण्यात शंभरच्या वर गोळ्या जातात, पंपाला दिवसभर दोन भरणी पुरतात. अडचण एकच: ती भरायला मैदानावर हाय-प्रेशर कॉम्प्रेसर हवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं हे काम नाही. मार्कर ठरवण्याआधी आपल्या मैदानावर तो आहे का ते विचारा. बाटलीवर चाचणीची तारीख कोरलेली असते, माझ्या बाटलीला दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते. आणि या बाटलीच्या तोंडाला तेल, ग्रीस काहीही लावू नका. इतक्या दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

यानंतरचा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून जरा लांबेल. मी पीथमपूरला सॉफ्ट जिलेटिन कॅप्सूलच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. पेंटबॉल ही मोठी सॉफ्टजेल कॅप्सूलच असते. बाहेर जिलेटिनचं कवच, आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि रंग. नेलस्पॉटच्या सुरुवातीच्या गोळ्या कॅप्सूल बनवणाऱ्या आर. पी. शेररनेच केल्या होत्या. तेव्हा आत तेलाचा रंग असायचा, तो काढायला टर्पेंटाइन लागायचं. आता पाण्याने निघतो. रंगपंचमीच्या गेरीतून, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीतून, राजवाड्यावरून परत आल्यावर कपड्यांचं जे होतं, त्याच्या पासंगालाही हा रंग पुरत नाही.

जिलेटिन हवेतलं पाणी पितं. आमच्या कारखान्यात कॅप्सूल वाळवायच्या खोलीत आर्द्रतेचा आकडा जरा वर गेला की धावपळ होते. आणि मी हेच सगळं जाणून असताना जुलैत अर्धी उघडी पिशवी मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवून आले. पुढच्या रविवारी व्हर्नियर लावला. गोळीचा व्यास जवळपास १७.३ मिलिमीटर असायला हवा, कित्येक १७.६ च्या पुढे गेल्या होत्या आणि काही अंड्यासारख्या लांबट झाल्या होत्या. माझी नळी १७.४ची. पहिल्या वीस गोळ्यांतल्या सहा नळीतच फुटल्या. एक फुटली की नळी रंगाने भरते आणि पुढच्या चार गोळ्या कुठेही जातात. सेमी-ऑटोवाला सातत्याने मारून वेळ निभावून नेतो, पंपवाल्याचा तो डाव गेलाच.

थंडीत याच्या उलट होतं. जानेवारीच्या पहाटे कवच ठिसूळ होतं आणि गोळी पंपाच्या धक्क्यानेच तडकते. म्हणून आता गोळ्या घरी, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. पिठाच्या डब्यांशेजारी, घरातल्या सगळ्यात थंड कपाटात. दर दोन-तीन दिवसांनी डबा उलटा करते, नाहीतर खालच्या गोळ्या एका बाजूने चपट्या होतात.

म्हणूनच नळी आधी पाहा. तिला वेगवेगळ्या व्यासाच्या आतल्या नळ्या बसतात का, हा माझा पहिला प्रश्न असेल. मैदानावरची परीक्षा सोपी आहे. गोळी नळीच्या मागच्या तोंडात टाका. आपोआप घरंगळून बाहेर आली तर नळी सैल. फुंकर मारूनही हलली नाही तर घट्ट. थांबली आणि फुंकरीने सुटली तर त्या दिवसाची जोडी जमली. मी आता १७.४ आणि १७.५५ अशा दोन ठेवते आणि रविवारी मैदानावर पोहोचल्यावर आधी हेच करते, पोहे नंतर.

इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. विक्रेत्याने नळीचे आटे ऑटोकॉकर पद्धतीचे, म्हणजे सगळ्यात प्रचलित आहेत असं लिहून दिलं होतं. मार्कर आला तो वेगळ्या आट्यांचा. आतल्या नळ्यांचा संच बसेना. जोडतुकडा मागवायला सहा आठवडे आणि वरचा खर्च माझाच. पैसे देण्याआधी आट्यांचा फोटो मागून घ्या.

बाकी बिघाड लहान. फेब्रुवारीत काडतूस जिथे जोडतात तिथे फुसफुस सुरू झाली, गळती रोखणारी गोल कडी, म्हणजे ओ-रिंग, फाटली होती. कार्बन डायऑक्साइडमध्ये साधी नायट्राइलची रिंग फुगते आणि चिरते. सियागंजातल्या ऑइल सीलच्या दुकानात जुनी रिंग दाखवली, त्यांनी ०१५ मापाची पॉलियुरेथेनची काढून दिली. ती अजून टिकून आहे. पंपाच्या मुठीचा स्क्रू दर तिसऱ्या रविवारी ढिला व्हायचा, निळं थ्रेडलॉकर लावल्यापासून हललेला नाही.

पहिला महिनाभर मी अर्धा पंप मारत होते. घाईत मूठ पूर्ण मागे जात नाही, गोळी मात्र पडलेली असते, मार्कर कॉक झालेला, म्हणजे हॅमर मागे अडकलेला, नसतो. ट्रिगर दाबला तर काहीच नाही, म्हणून परत पंप, आणि आता नळीत दोन गोळ्या. दोन्ही पाच पावलांवर मातीत. ही मार्करची खोट समजून मी विक्रेत्याला लांबलचक पत्रही लिहिलं होतं. आतेभावाने रिकाम्या मार्करवर, गॅस काढून, रोज शंभर स्ट्रोक मारायला लावले. टीव्हीसमोर बसून दोन आठवडे मारले, तेव्हा हात बसला. मार्कर कपाटात असल्याने त्यासाठी आतेभावाने एक जुनी, नळी काढलेली बॉडी दिली होती.

ट्रिगर दाबून ठेवून नुसता पंप मारला की गोळ्या सुटत राहतात, ती ऑटो-ट्रिगरची सोय माझ्या मार्करला आहे. मी ती बंद केली. ती चालू असली की हात परत भाड्याच्या मार्करसारखा धावायला लागतो.

आतेभावाची मुलगी चौदा वर्षांची आहे, दिवाळीनंतर तिला खेळायचंय. तिच्या हाताला माझ्या मार्करचा स्ट्रोक लांब पडतो, मूठ पूर्ण मागे येईपर्यंत नळी खाली झुकते. आखूड स्ट्रोकचा शोधतोय. तोवर तिच्यासाठी मास्क मागवून ठेवलाय, एएसटीएम एफ१७७६ (पेंटबॉलच्या मास्कचं मानक) लिहिलेला, दुहेरी काचेचा. आमच्या एकेरी काचेवर या पावसाळ्यात इतकं धुकं धरायचं की दोन-तीनदा डाव मधेच सोडून मैदानाबाहेर जावं लागलं, कारण आत असताना मास्क उचलायचा नाही म्हणजे नाही.