गोमेकॉचा (गोवा मेडिकल कॉलेजचा) नेफ्रॉलॉजी म्हणजे किडनीचा विभाग, बांबोळी: नुसतं 'नेफ्रायटिस' (किडनीची सूज) लिहून सोडत नाहीत

५ पैकी ५. आमच्या आत्याच्या आजाराला नाव शेवटी इथंच मिळालं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, असले आजार फार थोड्यांना होतात आणि झाले की घरच्यांना काय विचारायचं तेच सुचत नाही. आधी एका खासगी ठिकाणी लघवीत रक्त म्हणून इन्फेक्शनच्या गोळ्या चालू होत्या, क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, वाढला की किडनी बिघडतेय) १.४ वरून ३.८ वर गेलं तरी कागदावर फक्त 'नेफ्रायटिस'. अहो पण कुठला?

इथल्या डॉक्टर मॅडमनी ताजी लघवी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली, रेड सेल कास्ट (किडनीच्या नळ्यांत साच्यासारखे जमलेले लाल पेशींचे गोळे) दिसले, म्हणजे रक्त किडनीच्या गाळणीतूनच येतंय. पावसाचे दिवस आणि आत्या शेतात जाते म्हणून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप, किडनीवरही जातो) टेस्टपण केली, ती निगेटिव्ह. एएनसीए आणि अँटी-जीबीएम, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलीय का ते दाखवणाऱ्या अँटीबॉडीच्या रक्ततपासण्या, दोन्ही एकदमच पाठवल्या कारण काही पेशंटना दोन्ही पॉझिटिव्ह येतात, आणि रिपोर्टची वाट न बघता स्टिरॉइड सुरू केलं, अशा आजारात किडनी झपाट्याने जाते म्हणे.

बायोप्सीची, म्हणजे सुईने किडनीचा तुकडा काढून तपासायची, आत्याला भयंकर भीती. पालथं झोपवून, पोटाखाली उशी, जागा बधिर करून सोनोग्राफीवर बघत सुई घातली, नंतर सहा तास उताणं पडून राहायचं, बस. तुकडे दोन बाटल्यांत गेले, एक फॉर्मेलिनची आणि दुसरी वेगळ्या द्रावणाची, दुसरी इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (अँटीबॉडी कुठे बसल्यात ते चमकवून बघायची तपासणी), ते फॉर्मेलिनमधल्या तुकड्यावर नीट होत नाही. रेसिडेंट डॉक्टरने लेबलं दोनदा वाचली. का, ते मॅडमनी बसवून समजावलं: साध्या मायक्रोस्कोपखाली अँटी-जीबीएम, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आणखी एक आजार) आणि एएनसीएवाला अशा तिन्ही आजारांत सारखेच क्रेसेंट (गाळणीत चंद्रकोरीसारख्या जमलेल्या पेशी) दिसू शकतात, पण अँटी-जीबीएम असेल तर रांगोळीच्या रेघेसारखी सलग चमक, ल्युपस असेल तर ठिपके ठिपके, आणि एएनसीएवाला असेल तर जवळजवळ काहीच चमकत नाही. आत्याचं काही चमकलं नाही, रक्तात एमपीओ (एएनसीएचाच एक प्रकार) पॉझिटिव्ह, म्हणजे एएनसीएवालाच. अँटी-जीबीएम असता तर तातडीने प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलावा लागला असता, आत्याला रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) लागलं. डायलिसिस टळलं, क्रिएटिनिन आता १.९.

जाताना जुने सगळे क्रिएटिनिनचे रिपोर्ट तारखेसकट न्या, किती वेगात वाढलं ते त्यावरूनच बघतात, आणि ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बायोप्सीच्या आधीच सांगा.