पुणे, माहेरचा तालुका की सांगली-मिरज? पहिल्या बाळंतपणाची जागा ठरवताना

सातव्या महिन्यात ओटी भरली की सांगली जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत पुढचं ठरलेलं असतं: पहिलं बाळंतपण माहेरी. पण आता मुलगी पुण्यात नोकरीला असते, तपासण्या तिकडच्या डॉक्टरांकडे झालेल्या असतात, आणि माहेर असतं जतला, विट्याला, तासगावला नाहीतर कृष्णाकाठच्या एखाद्या गावात. सासू म्हणते इथंच थांब, आई म्हणते इकडं ये, नवरा म्हणतो तुला बरं वाटेल तसं कर. आठवा महिना असाच बोलण्यात निघून जातो.

घोळ होतो तो दोन प्रश्न एकात मिसळल्यामुळे. बाळाचा जन्म कुठल्या दवाखान्यात व्हावा हा एक प्रश्न, आणि बाळंतिणीनं पुढचा सव्वा महिना कुणाच्या घरी काढावा हा दुसरा. पहिला प्रश्न रात्री दोन वाजता काय मिळतं यावर सोडवायचा. दुसरा, रात्री दोन वाजता कोण उठतं यावर. दोन्हींची उत्तरं एकाच गावात सापडली तर उत्तमच, पण सापडलीच पाहिजेत असं काही नाही.

दवाखाना: रात्री दोनचा हिशेब

बहुतेक बाळंतपणं नीट पार पडतात. ज्यांत अडचण येते त्यांत ती बऱ्याचदा आधी न सांगता येते. बाळाचे ठोके कमी होतात, वार सुटते, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही. अशा वेळी चार गोष्टी लागतात: सिझर करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, रक्त, आणि बाळ रडलं नाही तर त्याला हाताळणारे बालरोगतज्ज्ञ. या चारही गोष्टी मध्यरात्री एका छताखाली आहेत, की फोन करून गोळा कराव्या लागतात, यावरून दवाखान्याची पारख करावी. खोलीला एसी आहे का हे नंतर बघता येतं.

पुण्यात हे चारही मिळणं सोपं, आणि नऊ महिने तुम्हाला बघणारे डॉक्टरही तिथंच. हा पुण्याचा खरा फायदा आहे आणि तो लहान नाही. तालुक्याच्या ठिकाणी चित्र एकसारखं नाही. विटा, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), तासगावात अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, आणि ज्यांच्या हातून गावातली निम्मी पोरं जन्मली त्यांच्यावर घरच्यांचा विश्वास असणं साहजिक आहे. तरी जाऊन थेट विचारा: भूलतज्ज्ञ गावातच राहतात का? रक्त कुठून आणता, किती वेळ लागतो? बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर कुठं पाठवता? या प्रश्नांचा राग न येणारे डॉक्टर चांगले, असं मी मानते.

पाठवायचं ठिकाण बहुधा सांगली किंवा मिरजच असतं. जतहून मिरज ८० किलोमीटरच्या आसपास, आटपाडीही तशीच लांब. कळा देणाऱ्या बाईला तेवढा रस्ता म्हणजे दोन तासांचा प्रवास धरा. शिराळा तालुक्यातल्या मुलींना मात्र सांगलीपेक्षा कराड जवळ पडतं. त्यांनी जिल्ह्याची हद्द मनातून काढून कराडचाच विचार करावा.

म्हणून तिसरी वाट, जी मला बहुतेकींसाठी सगळ्यात शहाणपणाची वाटते: मुक्काम माहेरी, नाव नोंदवायचं सांगली-मिरजेत, आणि माहेर लांब असेल तर अडतिसाव्या आठवड्यापासून शहरातल्या मावशीकडे, आत्याकडे येऊन राहायचं. मिरजेला दवाखान्यांची परंपरा जुनी आहे. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय सुरू केलं, पुढे १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आजही कर्नाटकातून रेल्वेनं माणसं इथं उपचाराला येतात. जिल्ह्यात एवढी सोय असताना केवळ दार जवळ म्हणून लहान दवाखाना धरण्यात अर्थ नाही.

रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, जुळं, बाळ पायाळू किंवा आडवं, वार खाली, आधीचं सिझर, हिमोग्लोबिन खूपच कमी, यांपैकी काहीही असेल तर हा पर्यायांचा विषयच राहत नाही. बाळंतपण मोठ्या ठिकाणीच करा, मग ते पुणं असो की मिरज. रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते तिथं ठेवतात का हे आधीच विचारून ठेवा.

सिव्हिल की खाजगी?

सांगलीचं सिव्हिल, म्हणजे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली. रात्रीही शिकाऊ आणि निवासी डॉक्टर वॉर्डात असतात, ही मोठी जमेची बाजू. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसकट, पूर्ण मोफत आहे: औषधं, तपासण्या, रक्त, राहण्याच्या काळातलं जेवण, घरून नेणं आणि परत सोडणं सुद्धा. आजारी तान्ह्या बाळाचे उपचारही त्यात येतात. गाडीसाठी १०२, आणि जीवावर बेतलं असेल तर १०८.

उणी बाजूही सांगायला हवी. गर्दी असते, खाट शेजारी शेजारी, सोबत एकच बाई राहू शकते, आणि स्वच्छतागृहाची तक्रार नेहमीची. लाजरी मुलगी पहिल्यांदा कळा देताना बुजते, आणि तिचं बुजणं खरं असतं. खाजगीत स्वतंत्र खोली मिळते, ओळखीच्या डॉक्टर मिळतात. तिथं नॉर्मलचा, सिझरचा आणि बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर रोजचा, असा तिन्हींचा अंदाज आधी कागदावर मागा. कारण बाळंतपणाचं बिल घरच्यांनी धरलेलं असतं. न धरलेलं असतं ते बाळाचं. कंपनीचा विमा असेल तर ते रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे का आणि बाळ पहिल्या दिवसापासून धरलं जातं का, हे बघून ठेवा.

हात आखडता असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कर्ज काढून लहान खाजगी दवाखाना गाठण्यापेक्षा सिव्हिल बरं.

माणसं: रात्री कोण उठतं

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते जास्त अवघड.

माहेरचं बळ कुणी नाकारू नये. टाके दुखत असताना, दूध उतरायला वेळ लागत असताना, आईजवळ जी मोकळीक असते ती दुसरीकडे नसते. गरम बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आयते हातात येतात. दुपारी बाळ आजीकडे देऊन दोन तास झोपता येतं. बाळंतिणीसाठी झोप हे औषधच आहे.

पण आई मोकळी आहे का, हे कुणी विचारत नाही. तासगावकडे द्राक्षाचा माल निघायचे दिवस जानेवारी ते मार्च. बागेत माणसं, व्यापारी, पॅकिंग, चहापाणी, यात आईला श्वास घ्यायला फुरसत नसते. ऊसपट्ट्यात तोड आली की तीच गत. गोठ्यात दोन म्हशी असतील तर पहाटे चारला उठणारी आई रात्री बाळाला घेऊन बसणार कशी? बाळंतपणाची तारीख अशा दिवसांत येत असेल तर आधी मोकळेपणानं बोला. एखादी काकू, विवाहित बहीण पंधरा दिवस येऊ शकेल का, की कामाला बाई ठेवायची, हे ठरवा.

पुण्यात राहिलात तर नवरा जवळ असतो. सांगली पुण्याहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. शनिवारी येऊन रविवारी परतणारा बाप पाहुण्यासारखाच राहतो. लंगोट बदलणं, ढेकर काढणं, रात्री खांद्यावर घेऊन फिरणं, हे पहिल्या महिन्यात शिकलं तर हाताला बसतं, आणि मग मूल दोघांचं होतं. ज्या घरात नवऱ्याला रजा मिळते आणि आई किंवा सासू महिनाभर येऊन राहू शकते, तिथं पुणं ही चांगली निवड आहे. नवऱ्याची रात्रपाळी, घरात दुसरं कुणी नाही, आणि पोळीभाजीचा डबा, अशी स्थिती असेल तर माहेरी या. हट्ट करू नका.

पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येणं बऱ्याच जणींना होतं. ते दोन आठवड्यांनंतरही टिकलं, बाळाजवळ जावंसं वाटेना, जगणं नको वाटू लागलं, तर डॉक्टरांना सांगायचं. १४४१६ या टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. "सगळ्याच बायका बाळंत होतात" हे वाक्य त्या दिवसांत घरात कुणी उच्चारू नये.

पाऊस आणि ऊन

तारीख जुलैचा शेवट ते ऑगस्ट असेल आणि माहेर भिलवडी, अंकलखोप, औदुंबर या पट्ट्यात किंवा सांगलीच्या गावभागात असेल, तर पुराचा विचार केल्याशिवाय काहीच ठरवू नका. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. रस्ते तुटले की घरापासून दहा किलोमीटरवरचा दवाखानाही गाठता येत नाही. या काळात विश्रामबाग, मिरज अशा उंचावरच्या भागात नातेवाइकांकडे आधीच मुक्काम हलवा, नाहीतर त्या वर्षी पुणंच धरा. जत-आटपाडीकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरातला उकाडा आणि टँकरचं पाणी तान्ह्या बाळाला जड जातं. तिथं एक थंड खोली आणि पाण्याची सोय बघावी.

हलायचं असेल तर कधी

बत्तीस ते चौतीस आठवड्यांदरम्यान. तेवढ्यात नव्या डॉक्टरांकडे दोन-तीन तपासण्या होतात आणि ऐनवेळी अनोळखी चेहरा समोर येत नाही. छत्तिसाव्या आठवड्यानंतरचा पुणे-सांगलीसारखा लांबचा प्रवास टाळलेला बरा. रेल्वेत गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, आणि मिरजेपर्यंत झोपून येणं गाडीतल्या धक्क्यांपेक्षा सोपं. गाडीनंच यायचं तर सीटबेल्टचा पट्टा पोटाखालून घ्या आणि मध्ये उतरून चाला.

नोकरी करणाऱ्यांनी रजेचं गणितही आताच मांडावं. पहिल्या बाळासाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यांपैकी जास्तीत जास्त ८ बाळंतपणाआधी घेता येतात. आधी जास्त घेतली तर नंतर बाळाजवळची कमी होते.

फाईल मात्र पूर्ण हवी: माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, साखर, थायरॉईड, धनुर्वाताची इंजेक्शनं, आधीचं सिझर असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड. फोटो काढून मोबाईलमध्ये नवऱ्याकडेही ठेवा.

आणि कुठंही असा: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, जोराचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, झटका येणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. बाळ फिरत नाही म्हणून गूळ-पाणी पिऊन रात्र काढणं मला फार भीतिदायक वाटतं.

बाळ घरी आल्यावर कुणाचं चालणार?

माहेर आणि पुणं यांतला हा फरक लोक हसण्यावारी नेतात, पण बाळाच्या जीवाशी तो निगडित आहे. गावी पाचवी-सहावीला घर भरतं, प्रत्येक आजीचं एक शास्त्र असतं. तेलाचा हात, उबदार दुपटं, अंगाईचा सूर, हे सगळं बाळाला हवंच आहे. मध, गुटी, साखरपाणी मात्र नको. जन्मल्यावर तासाभरात छातीशी लावायचं आणि सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. पहिलं पिवळसर चिकाचं दूध फेकायचं नाही. नाळेवर हळद-तेल लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. डोळ्यांत काजळ नको, नाका-कानात तेल नको, आणि बंद खोलीत शेगडीची धुरी तर अजिबात नको, बाळाचं फुप्फुस कोवळं असतं.

हे आजीशी बाळंतपणाआधीच बोलून घ्या, शक्यतो डॉक्टरांच्या समोर. टाके असताना, रडवेल्या अवस्थेत वाद घालता येत नाही. आजीला न दुखावता तिच्याकडे मालिश आणि खाणंपिणं सोपवलं की बहुतेक आज्या आनंदानं ऐकतात. पुण्यात ही ओढाताण कमी, पण तिथं मालिशवाल्या बाईचं शास्त्र असतंच, तिलाही हेच सांगा.

दूध न ओढणं, अंग गार पडणं, जोरजोरात श्वास, तळहात-तळपाय पिवळे दिसणं, पहिल्याच दिवशी कावीळ, झटके: यांत घरगुती उपाय नाही, थेट बालरोगतज्ज्ञ.

नोंद आणि आशाताई

माहेरी आलात तर गावच्या आशाताईंना आल्या आल्या भेटा. तुमचं नाव पुण्यातल्या यादीत असतं, त्यांच्या नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन बघतात. ही सोय मोठ्या शहराच्या सोसायटीत सहसा अनुभवायला मिळत नाही. जन्मतः द्यायच्या लशी, बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब, दवाखान्यातच घ्यायच्या. पुढची लस सहाव्या आठवड्यात, म्हणजे नेमकी परतण्याच्या सुमारास, त्यामुळे ती देऊनच निघा आणि कार्डावर नोंद झाली का ते पाहा.

जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते: सांगली-मिरजेत झाला तर महापालिकेत, गावी झाला तर ग्रामपंचायतीत. २१ दिवसांच्या आत ती विनाशुल्क असते. दाखल्यावर आई-बापाची नावं आधार कार्डाप्रमाणे अक्षर न् अक्षर बरोबर आहेत का, हे दवाखान्यातला फॉर्म भरतानाच तपासा. बारशाला नाव ठरलं नसेल तरी हरकत नाही, नोंद आधी करता येते आणि बाळाचं नाव नंतर घालता येतं.