पिकलचं इम्पोर्ट ॲनालिसिस: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पिकल म्हणजे ॲपलने फेब्रुवारी 2024 मध्ये ओपन सोर्स केलेली कॉन्फिगरेशन लँग्वेज, फाइलचं एक्स्टेन्शन पीकेएल. आमच्या विक्रोळीच्या ऑफिसात सगळ्या सर्व्हिसेसचं कॉन्फिग तिच्यातच आहे, दीडशेच्या आसपास फाइल्स असतील, आणि त्यातून ग्रेडल हे बिल्ड टूल आम्हाला यॅमल, म्हणजे सर्व्हिसेस वाचतात त्या कॉन्फिग फाइल्स, बनवून देतं. पण आज लिहितोय ते तिच्यातल्या एकाच कमांडबद्दल, पीकेएल ॲनलाइझ इम्पोर्ट्स. कुठली फाइल कुठल्या फाइल्सना आत ओढते, म्हणजे इम्पोर्ट करते, त्याचा ग्राफ ती काढून देते. व्हर्जन 0.27 पासून आलीये, त्याच्या आधीच्या व्हर्जनवर असाल तर मिळणार नाही.

आमच्याकडे आधी काय व्हायचं ते सांगतो. भर पावसाळ्यातली रात्र, मी टाइमआउट 5 सेकंदांवरून 20 केला. ती व्हॅल्यू होती लिमिट्सच्या कॉमन फाइलमध्ये, ती फाइल इम्पोर्ट केलेली टेम्प्लेटमध्ये, आणि सर्व्हिसची फाइल त्या टेम्प्लेटला अमेंड करते, म्हणजे त्याच्यावर आधारून आपले बदल घालते; थोडक्यात व्हॅल्यू दोन पायऱ्या खाली. बिल्ड मारला तर ग्रेडल म्हणतंय अप टू डेट, म्हणजे काही बदललेलं नाही, मला वाटलं झालं, डिप्लॉय केलं, आणि रात्री दोनपर्यंत आम्ही तिघं नेटवर्कमध्ये प्रॉब्लेम शोधत बसलो. यॅमल जुनंच होतं! झालं असं होतं की ग्रेडलने कुठल्या फाइल्सवर लक्ष ठेवायचं ती यादी आम्ही ट्रान्झिटिव्ह मॉड्यूल्स या प्रॉपर्टीत हाताने लिहायचो आणि ही फाइल त्यात टाकायची राहून गेली होती. चूक आमचीच. पण हाताने सांभाळलेली यादी कधी ना कधी चुकणारच, कोण रोज बघणार?

आता ती प्रॉपर्टी रिकामी सोडली की पिकलचं ग्रेडल प्लगइन स्वतःच इम्पोर्ट्स शोधून यादी बनवतं. आमची सत्तरेक ओळींची यादी त्या दिवशी डिलीट केली तेव्हा खरंच हायसं वाटलं.

ह्या ग्राफवर माझा विश्वास का बसला ते महत्त्वाचं आहे. पिकलमध्ये इम्पोर्टचा पाथ सरळ लिहिलेली स्ट्रिंगच असावी लागते, आत व्हेरिएबल घालून नाव जुळवता येत नाही. सुरुवातीला मला ह्याचा वैताग यायचा, आता कळतंय की ह्याच नियमामुळे कोड न चालवता, नुसता वाचून, कोण कोणाला ओढतंय ते पक्कं सांगता येतं. इम्पोर्ट, अमेंड्स, एक्स्टेंड्स सगळं धरलं जातं. एखादा इम्पोर्ट इफच्या आत असेल, फक्त प्रॉडक्शनला लागणारा, तरी तो ग्राफमध्ये येतोच. म्हणजे कधी एखादी फाइल जास्तीची येईल, पण सुटणार नाही, आणि बिल्डसाठी मला हेच पाहिजे.

भोक आहे ते रीडमध्ये. रीडने वाचलेली टेक्स्ट फाइल किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ह्या ग्राफमध्ये दिसत नाही, आणि रीडचं नाव चालताना बनू शकतं त्यामुळे ते असं नुसतं वाचून कळणारही नाही. आमच्या चार सर्व्हिसेस सर्टिफिकेटच्या फाइल्स अशा वाचतात, त्या मी ग्रेडलच्या टास्कला इनपुट म्हणून वेगळ्या जोडल्यात. हे विसरू नका, नाहीतर परत तीच रात्र.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मात्र ग्राफ उलटा करून. कमांड सांगते अमुक फाइल कोणाकोणाला इम्पोर्ट करते, मला रिव्ह्यूमध्ये पाहिजे असतं अमुक फाइल बदलली तर कोणाकोणाला धक्का बसेल. फॉरमॅट जेसन दिलं की प्रत्येक मॉड्यूलसमोर त्याचे इम्पोर्ट्स येतात, ते पंधरा-वीस ओळींच्या पायथनने उलटवले आणि सीआयला, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप तपासण्या चालवणाऱ्या सिस्टीमला, लावले, आता पुल रिक्वेस्टवर (रिव्ह्यूला टाकलेल्या बदलावर) आपोआप यादी पडते. पहिल्याच दिवशी दिसलं की लिमिट्सच्या फाइलवर 61 सर्व्हिसेस उभ्या आहेत. आमची सीनियर ताई रोज कल्याणहून येते, ती म्हणाली, ‘अरे हे तर दादर आहे, इथे एक पॉइंट बिघडला की दोन्ही लाइन बोंबलणार.’ तेव्हापासून टीममध्ये अशा फाइलला दादरच म्हणतात आणि दादरला हात लावायचा तर दोन जणांचं अप्रूव्हल लागतं.

स्क्रिप्ट लिहिताना एका गोष्टीने माझा अर्धा दिवस खाल्ला. लोकल फाइल्सची नावं पूर्ण पाथसकट येतात, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर एक आणि सीआयच्या मशीनवर दुसरं, त्यामुळे दोन्हीकडचे ग्राफ ताडून बघितले तर प्रत्येक ओळ वेगळी. आधी रेपोच्या रूटपर्यंतचा भाग कापून टाका, मग कंपेअर करा. आणि प्रोजेक्टमधलंच लोकल पॅकेज वापरत असाल तर ते ग्राफमध्ये प्रोजेक्टपॅकेज म्हणून येतं, डिस्कवरची खरी फाइल रिझॉल्व्ह्ड इम्पोर्ट्सच्या भागात बघायला लागते. तो भाग मी पहिले दोन महिने बघितलाच नव्हता आणि आमची शेअर्ड पॅकेजेस उलट्या यादीतून गायब होती.

बाहेरच्या पॅकेजचं व्हर्जन त्याच्या पत्त्यातच असतं हे मात्र फार सोयीचं पडलं. मागच्या महिन्यात कुबरनेटीसचं (कंटेनर चालवणारी सिस्टीम) पॅकेज वाढवलं तेव्हा आधीचा आणि नंतरचा ग्राफ शेजारी ठेवला, तर एका कोपऱ्यातल्या जुन्या फाइलमध्ये पूर्ण पत्ता लिहून जुनंच व्हर्जन ओढलं जात होतं. ती ओळ बदलली आणि मगच मर्ज केलं.