शहामृगासारख्या डायनासोरच्या पायाचं हाड घेतलं: हाड अस्सल, लेबल चुकीचं

गेल्या महिन्यात इथे अमेरिकेतल्या एका ऑनलाइन फॉसिल दुकानातून ऑर्निथोमिमिडच्या, म्हणजे शहामृगासारख्या डायनासोरांच्या कुळातल्या एकाच्या, पायाच्या बोटाचं हाड मागवलं, शिपिंग धरून १४० डॉलर. मोंटानातल्या हेल क्रीक या खडकाच्या थरांमधलं, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं, टी-रेक्स ज्या काळात फिरत होता त्याच काळातलं.

हाड हातात घेतलं आणि अंगावर काटाच आला. जेमतेम साडेपाच सेंटीमीटर, गडद चॉकलेटी, पण वजनाला दगड. एका टोकाला सांधा कप्पीसारखा, मधे खाच, दोन्ही बाजूंना लिगामेंट (हाडं जोडणारे तंतू) धरायचे खोल खळगे, त्यात माझं करंगळीचं टोक बरोब्बर बसतं. शहामृगाच्या पायाला दोनच बोटं असतात, या डायनासोरला तीन, आणि तिन्ही जमिनीला टेकायची. दात नाहीत, चोच, लांब पाय, एकदम पळणारा प्राणी. जीवाश्मतज्ज्ञ मार्शने १८९० मध्ये याच कुळातल्या ऑर्निथोमायमसला नाव दिलं तेही कोलोरॅडोत मिळालेल्या हातापायाच्या काही हाडांवरूनच, त्यामुळे पायाचं हाड मिळाल्याचा मला जास्तच आनंद झाला.

आता तक्रार. लेबलवर छापलंय 'स्ट्रुथिओमायमस', म्हणजे त्या कुळातला एक ठरावीक डायनासोर. अहो एका सुट्या बोटाच्या हाडावरून एवढं कसं सांगता येईल? ते नाव कॅनडातल्या अल्बर्टातल्या रेड डिअर नदीकाठच्या सांगाड्यांचं, जीवाश्मतज्ज्ञ ऑस्बोर्नने १९१७ मध्ये दिलेलं, आणि ते सांगाडे या हाडापेक्षा कितीतरी लाख वर्षं जुने. नुसतं 'ऑर्निथोमिमिड' लिहिलं असतं तरी मी तेवढेच पैसे दिले असते.

दुसरं म्हणजे लिस्टिंगमध्ये रिस्टोरेशन (डागडुजी) नाही असं लिहिलेलं, पण यूव्ही टॉर्च मारला तर एका कडेचा पॅच वेगळाच चमकला, म्हणजे तिथे फिलर (तुटका भाग बुजवायचा मसाला) भरलाय. फोटो पाठवल्यावर त्यांनी मान्य केलं आणि २० डॉलर परत दिले, लेबल मात्र बदलून दिलं नाही.

कागदपत्रं चोख आहेत, गारफिल्ड काउंटीतल्या खाजगी रँचवरचं असं लेखी दिलंय. हे मागून घ्याच, कारण सरकारी जमिनीवरून डायनासोरची हाडं परमिटशिवाय काढणं इथे गुन्हा आहे, आणि विकत घेण्याआधी यूव्हीखालचा फोटोही मागा. पॅकिंगला पाचपैकी पाच, हाडाला पाच, लेबलला एक. ती चिठ्ठी काढून मी स्वतःच्या हाताने नवीन लिहून डबीत ठेवलीये.